वावरी पाण्यात जाण्याआधी

1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी. हे 61 दिवस जाळ्याच्या कामाला पुरून उरतील असं मे महिन्यात सगळ्यांनाच वाटतं; पण कोकणच्या पावसात कोरडा दिवस मिळेल तेवढाच आपला. म्हणून आधी काय आणि मागाहून काय, हे ठरवून ठेवलेलं बरं. ही यादी छोट्या होडीवरच्या वावरीची, म्हणजे मासा आसात (जाळ्याच्या डोळ्यात) गळ्याशी अडकतो त्या जाळ्याची. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं, त्या डोलवाल्यांचं काम वेगळं.

पहिलं काम धुण्याचं. जाळं गोड्या पाण्यातून काढा. वाळलेल्या मासळीचे कण राहिले की उंदीर येतात, आणि उंदराचं भोक घडीच्या सगळ्या थरांतून आरपार जातं. वाळवायचं मात्र सावलीत. नायलॉन कुजत नाही, मग उन्हात पडलं तरी काय बिघडतं, हा समज महागात पडतो. उन्हाने तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉन धागा, ठिसूळ होतं. सुती जाळ्यांच्या काळात ती कुजू नयेत म्हणून ऐनाची साल उकळून त्या पाण्यात बुडवावी लागत. ती कटकट गेली, त्या जागी उन्हाची आली.

मग दोर. बहुतेक जण आधी भोकं शिवायला बसतात, कारण ती डोळ्यांना दिसतात. माझं मत उलट आहे. भोकातून चार पापलेटं निसटतील. दोर तुटला तर अख्खं जाळं जाईल, आणि ते तळाशी पडून फुकट मासे मारत राहील ते वेगळंच. दर हातभर अंतरावर दोराचा पीळ उलगडून आत बघा. पांढरी भुकटी किंवा तुटके तंतू दिसले तर तो दोर नांगराच्या कामाचा नाही, परसातल्या कुंपणाला वापरा. एकच टोक घासलं असेल आणि बाकी दोर धड असेल, तर झिजलेला भाग कापून दोर उलटा फिरवून बांधा. जोड देताना गाठ नको, पीळ सोडून दोन्ही टोकं एकमेकांत गुंफा. गाठीपाशी दोराची ताकद निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते. शॅकल (जोडणारी लोखंडी कडी), साखळी आणि नांगराचं कडंही याच बैठकीत ठोकून बघा. गंज झडल्यावर आत लोखंड किती उरलंय ते कळतं.

चिरलेला बोया पाणी पितो, वरचा दोर तिथे खाली बसतो आणि जाळं उभं राहत नाही. संशय असेल तो बोया काढून रात्रभर बादलीत दाबून ठेवा, सकाळी हातात जड लागला तर बाद. खालच्या दोराचं शिसं गळून पडलं असेल तिथे त्याच वजनाचं, त्याच अंतरावर लावा. कमी पडलं तर प्रवाहात जाळं आडवं होतं.

आता शिवण. हाताने ताणल्यावर तंगूस कटकन तुटलं तर तो पट्टा शिवत बसू नका, कापून नवा घाला. मापाची पट्टी जवळ हवी: बांगड्याच्या जाळ्याचा आस ताणून साधारण 50 मिलिमीटर, पापलेटचा त्याच्या दुपटीहून मोठा. तंगूस निसरडं असतं, म्हणून गाठ दुहेरी. नवा पट्टा दोरावर चढवताना झोळ सोडा. पूर्ण ताणून 100 मीटर भरणारं जाळं साधारण 50 मीटर दोरावर बसवतात. दोर वाचवायला गेलात तर जाळं गोळा होतं, जाळं वाचवायला गेलात तर आस मिटतात. कापलेले तुकडे खाडीत टाकू नका.

नोंदणी, परवाना, विमा, खलाश्यांची ओळखपत्रं जुलैच्या सुरुवातीलाच बघा. लाइफ जॅकेट नुसती मोजू नका, प्रत्येकाला अंगात घालायला लावा. इंजिन मेकॅनिककडे.

1 ऑगस्टला बंदी उठते, पण दर्या शांत झालेला असतोच असं नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबणारे नाखवे आहेत, आणि त्यांचं चुकत नाही. त्या दिवसांत भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात, खाडीत एक पट्टा सोडून बघा. बोये सरळ रांगेत तरंगताहेत ना, कुठे बुडी मारताहेत का. मग होडीत भरताना शिसं एका अंगाला, बोये दुसऱ्या अंगाला, आणि आधी पाण्यात जाणारं टोक सगळ्यात वर. जाळ्याची खूण दाखवणारी झेंड्याची काठी त्याच टोकापाशी. तिच्या लुकलुकणाऱ्या दिव्यात सेल निघायच्या दिवशीच घाला.