घर बघायच्या आधी पोर्ट अथॉरिटी बघा

ऑफिस मॅनहॅटनमध्ये आणि बिऱ्हाड न्यू जर्सीत, असं ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आठव्या आणि नवव्या अ‍ॅव्हेन्यूच्या मध्ये, ४० व्या ते ४२ व्या स्ट्रीटपर्यंत पसरलेलं पोर्ट अथॉरिटी बस टर्मिनल आता रोज तुमच्या वाट्याला येणार. डिसेंबर १९५० मध्ये उघडलेली ही इमारत दिसायला कळकट आहे. पण हडसन नदी ओलांडून बसने येणारा बहुतेक माणूस इथेच उतरतो आणि संध्याकाळी इथूनच परत जातो. हिला नावं ठेवत बसण्यापेक्षा ती चालते कशी ते समजून घ्या.

सगळ्यात महाग पडणारी चूक आधी सांगतो. लोक घर बघतात शनिवारी दुपारी, मित्राच्या गाडीतून. एजंट म्हणतो, ‘न्यूयॉर्कची बस समोरच आहे, फक्त पंचेचाळीस मिनिटं.’ मग बारा महिन्यांच्या लीजवर सही होते. सोमवारी कळतं की पंचेचाळीस मिनिटं ही सकाळी पावणेसहाची गोष्ट आहे. लीज मोडायचं तर करारातला दंड आहे, डिपॉझिटची रड आहे, आणि हाताशी क्रेडिट हिस्टरी नसताना दुसरं घर मिळवायची दगदग आहे. म्हणून सही करण्याआधी एक दिवस त्या थांब्यावरून सकाळी सातची बस पकडून टर्मिनलला जा आणि त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या गर्दीत परत या. दाराला किल्ली लावेपर्यंतची वेळ घड्याळावर मोजा. तो आकडा खरा. एजंटचा, गूगलचा आणि ‘आम्ही वीस वर्षं इथेच राहतो’ म्हणणाऱ्या काकांचा, हे तिन्ही आकडे सोडून द्या. काकांचं आयुष्य एडिसनच्या ट्रेनवर गेलंय. रूट नाइन या जर्सीतल्या महामार्गावरच्या बसबद्दल त्यांना तुमच्याइतकंच माहीत असतं, फक्त ते ठासून सांगतात.

सकाळ आणि संध्याकाळ यांत एवढा फरक का पडतो? लिंकन टनेल म्हणजे हडसनखालचा बोगदा. त्याकडे येणाऱ्या ४९५ रस्त्यावर सकाळी साधारण सहा ते दहा, फक्त कामाच्या दिवशी, उलट्या दिशेची एक लेन बंद करून ती निव्वळ बसेसना दिली जाते. ही अडीच मैलांची लेन १९७० च्या डिसेंबरपासून आहे. शेजारच्या मोटारी मुंगीच्या पावलाने सरकत असताना तुमची बस त्यांच्या बाजूने निघून जाते. संध्याकाळी जर्सीकडे जाताना अशी लेन नसते. त्यात भर म्हणजे मॅनहॅटनमध्ये दिवसभर बसेस उभ्या करायला पुरेशी जागा नाही. सकाळी रिकाम्या झालेल्या कितीतरी बसेस परत जर्सीत जातात आणि दुपारनंतर तुम्हाला न्यायला पुन्हा बोगद्यातून येतात. म्हणजे तुमची पाच चाळीसची बस उशिरा येते तेव्हा ती कुठे बिघडलेली नसते, रिकामीच बोगद्याच्या तोंडाशी अडकलेली असते. वेळापत्रकावर पाच चाळीस छापलंय म्हणून ड्रायव्हरशी हुज्जत घालू नका. तो तुमच्याआधीपासून ट्रॅफिकमध्ये आहे.

आता गेट. एस.टी. स्टँडवर फलाट क्रमांक असतो तसंच इथे गेट आहे, फक्त ते चार मजल्यांवर विखुरलेलं आहे. ढोबळ हिशेब असा की गेटचा नंबर तीन आकडी असेल तर वर जा, एक किंवा दोन आकडी असेल तर तळघरात. दक्षिण आणि उत्तर असे इमारतीचे दोन भाग आहेत. चुकीच्या भागात चढलात तर खाली येऊन पुन्हा वर जाण्यात सात-आठ मिनिटं जातात, आणि तेवढ्यात बस सुटते. रात्री उशिरा बऱ्याच रूटची गेटं बदलतात. नेहमीच्या गेटवर शुकशुकाट दिसला तर तिथे वाट बघत उभे राहू नका, बाहेरचा बोर्ड वाचा.

नुसता रूट नंबर वाचून चालत नाही. १३९ नंबरची बस ओल्ड ब्रिजचीही असते आणि लेकवुडचीही. काही फेऱ्या मधले थांबे गाळतात, काही महामार्ग सोडून आतल्या पार्क अँड राइडमध्ये, म्हणजे गाडी लावून बस पकडायच्या जागेत, वळतात. बसच्या कपाळावरची पाटी पूर्ण वाचा. शंका असेल तर रांगेतल्या माणसाला विचारा, पण प्रश्न नेमका हवा. ‘ही न्यू जर्सीला जाते का?’ असं विचारलं तर इथल्या सगळ्याच जातात. थांब्याचं नाव घेऊन विचारलंत की दोन शब्दांत बरोबर उत्तर मिळतं. इथली माणसं तुटक बोलतात, पण दिशाभूल करत नाहीत.

रांगेबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण आपल्या लोकांचं नाव इथेच खराब होतं. गेटचं दार बंद असतं आणि रांग बाहेर भिंतीलगत वळत गेलेली असते. एकाच गेटवर दोन रूट असले तर दोन रांगा समांतर असतात, म्हणून उभं राहण्याआधी ‘ही कुठली रांग?’ हे विचारून घ्या. बस लागते, दार उघडतं, लोक एकेक करून पुढे सरकतात आणि ड्रायव्हरला फोन किंवा कागद दाखवून चढतात. खिडकीतून रुमाल टाकायची सोय नाही. ‘माझा मित्र पुढे उभा आहे’ म्हणून मध्ये शिरलात तर कोणी भांडणार नाही, पण मागचे चाळीस लोक तुमचा चेहरा लक्षात ठेवतील आणि तेच चाळीस लोक उद्याही असतील. लांब पल्ल्याच्या बसमध्ये पन्नासच्या आसपास जागा असतात. तुमच्यापुढे साठ माणसं मोजलीत तर ही बस तुमची नाही, पुढची आहे. तेवढ्यात शांतपणे पाण्याची बाटली घेऊन या म्हटलं तर तेही जमत नाही, रांग सोडली की जागा गेली.

न्यू जर्सी ट्रान्झिट या जर्सीच्या सरकारी बससेवेचं तिकीट टर्मिनलवर बसमध्ये चढण्याआधीच काढायचं, तिथे ड्रायव्हर रोख घेत नाही. मशीनवर आपला थांबा नीट निवडा. भाडं झोनवर ठरतं, एक झोन कमी घेतलात तर ड्रायव्हर फरक मागतो आणि मागची रांग खोळंबते. अ‍ॅपवर घेतलेलं तिकीट नुसतं विकत घेऊन उपयोग नाही, ते चालू करावं लागतं. बस दारात दिसल्यावरच चालू करा. चालू केलेल्या तिकिटाची वेळ मोजकी असते, रांगेत लागल्या लागल्या बटण दाबू नका. फोनची बॅटरी गेली की तिकीटही गेलं, म्हणून एक कागदी तिकीट पाकिटात ठेवावं. तेही फार जुनं नको, एकेरी तिकिटांना आता मुदत असते. सबवेला जसं कार्ड टेकवता तसं ते न्यू जर्सी ट्रान्झिटच्या बसला चालेल असं धरून चालू नका, ती वेगळी संस्था आहे. खासगी कंपन्यांच्या बसेसचं तिकीट आणखी वेगळं.

मासिक पास हा कॅलेंडरच्या महिन्याचा असतो, घेतल्यापासून तीस दिवसांचा नव्हे. १६ तारखेला रुजू झालेला माणूस उत्साहात पास घेतो आणि अर्धे पैसे पाण्यात घालतो. पहिला अर्धा महिना सुटी तिकिटं काढा. भाडं १ जुलै २०२४ ला १५ टक्क्यांनी वाढलं आणि त्यानंतर दरवर्षी जुलैत ३ टक्के वाढवायचं ठरलं, तेव्हा घराच्या बजेटमध्ये हे धरा. आणि एचआरला कम्यूटर बेनिफिटबद्दल पहिल्याच आठवड्यात विचारा. कंपनीकडे ही सोय असली तर पासाचे पैसे कर कापण्याआधी पगारातून जातात. २०२५ मध्ये याची मर्यादा महिन्याला ३२५ डॉलर होती. एच-१बी वाल्यांनाही ही सवलत मिळते. नवीन आलेले लोक कूपनमध्ये दोन डॉलर वाचवायला तासभर घालवतात आणि हा फॉर्म मात्र भरत नाहीत.

थांबा बघताना आणखी एक गोष्ट. रूट नाइनसारखा रस्ता मधून काँक्रीटच्या भिंतीने दुभागलेला आहे. सकाळी बस एका बाजूने पकडता, संध्याकाळी ती दुसऱ्या बाजूला सोडते. गाडी पहिल्या बाजूला लावलेली असेल तर पलीकडे जायला सिग्नल किंवा पूल कुठे आहे ते आधी बघा. डिसेंबरात पाच वाजता अंधार पडतो आणि गाड्या ताशी पन्नास मैलांनी जात असतात. पार्किंगचंही तेच. कित्येक जागा फक्त त्या गावच्या रहिवाशांसाठी असतात, परमिट लागतं आणि परमिटला वेटिंग लिस्ट असते. परमिट नसताना लावलेली गाडी टो होते.

जर्नल स्क्वेअरजवळ, न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूच्या इंडिया स्क्वेअरच्या आसपास राहणार असाल तर मॅनहॅटनला जाणारी पाथ ट्रेन घ्या, टर्मिनलच्या वाटेला जाऊ नका.

प्रत्येक थांब्याच्या पाटीवर पाच आकडी नंबर असतो. तो ६९२८७ वर मेसेज केला की पुढच्या बसेसची माहिती येते. थंडीत थांब्यावर गोठण्याऐवजी घरातून हा मेसेज करा. बर्फाच्या दिवशी बसेस बंद झाल्या तर ‘क्रॉस-ऑनर’ हा शब्द शोधा. तो जाहीर झाला असेल तर बसचा पास जाहीर केलेल्या ट्रेनला किंवा पाथला चालतो. ट्रेन ३४ व्या स्ट्रीटच्या पेन स्टेशनवरून सुटतात, टर्मिनलवरून नाही. आणि न्यूअर्कलाही एक पेन स्टेशन आहे, नाव अर्धवट ऐकून उतरू नका.

बसमध्ये स्पीकरवर भारतातला फोन लावू नका. सकाळची बस म्हणजे झोपलेल्या माणसांचं वसतिगृह आहे, तुमच्या आत्याची तब्येत सगळ्यांना कळायची गरज नाही. लसणाच्या चटणीचा डबाही ऑफिसातच उघडा.

आई-बाबा जेएफकेला उतरणार असतील तर विमानतळाच्या एअरट्रेनने जमैकाला जाऊन ई, किंवा हॉवर्ड बीचला जाऊन ए सबवे घेतली की थेट टर्मिनलच्या खाली पोचता येतं. पण हे फक्त केबिन बॅग असेल तर. तेवीस किलोच्या दोन-दोन बॅगा घेऊन हा प्रवास त्यांना करायला लावू नका, गाडी सांगा. ६२ वर्षांवरच्यांना बसभाड्यात सवलत आहे, जन्मतारीख असलेलं ओळखपत्र त्यांच्या जवळ असू द्या. टर्मिनलमध्ये कोणी आपणहून बॅग उचलायला किंवा मशीनवर तिकीट काढून द्यायला पुढे आलं तर नाही म्हणा, शेवटी पैशांसाठी अडून बसतात.

टर्मिनल पाडून नवीन बांधायचं काम २०२५ मध्ये सुरू झालं. आधी बसेस उभ्या करायची नवी इमारत होणार, २०२८ पासून तीच तात्पुरतं टर्मिनल म्हणून वापरायची आणि मुख्य इमारत २०३२ पर्यंत उभी करायची, अशी योजना आहे. तोवर गेटं आणि रस्ते बदलत राहतील. गेटजवळ चिकटवलेले कागद वाचायची सवय लावा, आणि आपल्या रूटची रात्रीची शेवटची बस किती वाजता आहे ते फोनमध्ये नाही तर पाकिटात लिहून ठेवा.