कार्बोनेटमधले मॅग्नेशियम समस्थानिक मोजताय? या चुका टाळा

डेल्टा-२६ मॅग्नेशियमचा (मॅग्नेशियम-२६ आणि २४ चं गुणोत्तर ठरलेल्या स्टँडर्डपेक्षा हजारात कितीने वेगळं, त्या आकड्याचा) आलेख घेऊन कोणी आलं की मी आलेख नंतर बघते, आधी कॉलमची, म्हणजे नमुन्यातून मॅग्नेशियम वेगळं काढणाऱ्या रेझिनच्या नळीची, वही मागते. कार्बोनेट खनिजं द्रावणातलं हलकं मॅग्नेशियम-२४ जास्त उचलतात, हे सगळ्यांना पाठ असतं. पण निसर्गात जेवढा फरक पडतो, तेवढा रेझिनच्या नळीतही पडू शकतो, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहतं.

अर्धवट वसुली

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. रेझिनवरून मॅग्नेशियम उतरतं तेव्हा आधी येणाऱ्या आणि शेवटी येणाऱ्या भागाचं समस्थानिक गुणोत्तर सारखं नसतं. दोन टोकांत काही पर मिलचा (हजारातल्या भागांचा) फरक असतो. समजा ५ टक्के मॅग्नेशियम हरवलं आणि तो भाग सरासरीपेक्षा २ पर मिलने वेगळा होता, तर उरलेलं सुमारे ०.१ पर मिलने सरकतं. चांगल्या एमसी-आयसीपी-एमएसवरची (समस्थानिक गुणोत्तर मोजणाऱ्या वस्तुमान वर्णपटमापकावरची) अनिश्चितताही साधारण तेवढीच असते. त्यामुळे "९५ टक्के आलं, पुरे" हे इथे चालत नाही. ९९ टक्क्यांच्या वर वसुली नसेल तर तो आकडा मी वापरत नाही.

एकदा एका विद्यार्थिनीने चुनखडकाच्या थरांची मालिका आणली होती. खालून वर डेल्टा-२६ एकसारखं घसरत गेलेलं, आणि प्राचीन समुद्राच्या तापमानाची कहाणी तयार. तिचा मुख्य आधार असा, की सगळे बिंदू डेल्टा-२५ (मॅग्नेशियम-२५ साठीचा तसाच आकडा) विरुद्ध डेल्टा-२६ च्या रेषेवर, ०.५२ च्या आसपासच्या उतारावर नेमके बसले होते. पण कॉलमवरचं फ्रॅक्शनेशनही (हलके-जड समस्थानिक वेगळे होणंही) वस्तुमानानुसारच होतं. मॅग्नेशियम हरवलं तरी बिंदू रेषा सोडत नाही, रेषेवरूनच सरकतो. ही तपासणी तिथे आंधळी असते.

खालच्या थरांत डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेट) होता, वर जवळजवळ शुद्ध कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट). तिने प्रत्येक नमुन्यातून मॅग्नेशियम सारखंच घेतलं होतं, इथवर ठीक. पण १० मायक्रोग्रॅम मॅग्नेशियमसोबत आदर्श डोलोमाइटमधून जेमतेम १६-१७ मायक्रोग्रॅम कॅल्शियम येतं. १ मोल टक्का मॅग्नेशियम असलेल्या कॅल्साइटमधून तेवढ्याच मॅग्नेशियमसाठी दीड मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम कॉलमवर चढतं, म्हणजे जवळपास शंभरपट. तिच्या वरच्या थरांत मॅग्नेशियम त्याहूनही कमी होतं. रेझिनच्या जागा कॅल्शियमने अडवल्या की मॅग्नेशियम ठरल्यापेक्षा लवकर उतरू लागतं. मॅग्नेशियम गोळा करायला बाटली बदलायची खूण मात्र शुद्ध मॅग्नेशियम स्टँडर्डवरून ठरवलेली. वरच्या थरांचं सुरुवातीचं मॅग्नेशियम आधीच्या बाटलीत गेलं, आणि ती बाटली वेळ वाचवायला न मोजता ओतून टाकलेली.

सगळी मालिका पुन्हा कॉलमवर घातली, मॅग्नेशियमची बाटली आधी लावून उशिरा काढली. घसरणीचा मोठा भाग नाहीसा झाला. उरलेला बदल डोलोमाइटच्या प्रमाणाबरोबर चालत होता. तापमानाची कहाणी मागे घ्यावी लागली.

माझी सवय सांगते. मुख्य भागाच्या आधीचा आणि नंतरचा द्रव प्रत्येक नमुन्यासाठी वेगळा ठेवायचा आणि त्यातलं मॅग्नेशियम मोजायचं, अपवाद नाही. शिवाय केंब्रिज-१ (ज्ञात मूल्याचं मॅग्नेशियम स्टँडर्ड) नुसतं नाही, तर नमुन्याइतकं कॅल्शियम घालून कॉलममधून काढायचं. डीएसएम-३ च्या, म्हणजे डेल्टा-२६ चं शून्य ठरवणाऱ्या स्टँडर्डच्या, तुलनेत ते उणे २.६२ पर मिलच्या आसपास आलं, तरच त्या दिवशीचे नमुने यंत्रावर चढवायचे. समुद्राचं पाणीही सोबत घ्या. ते जगभर उणे ०.८३ च्या जवळ येतं आणि त्यात सोडियम-कॅल्शियमची खरी गर्दी असते. एवढं करायला वेळ नाही म्हणणाऱ्यांनी या विषयात घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅल्शियम मागे राहणं

दोन धनभार असलेलं कॅल्शियम-४८ यंत्रात नेमकं २४ वर येऊन बसतं आणि डेल्टा-२६ खोटंच हलकं दिसतं. इथे मात्र बिंदू रेषेवरून ढळतात, त्यामुळे चूक पकडता येते. शंका आली की दुसऱ्यांदा कॉलम करा. गणिती दुरुस्तीवर माझा भरवसा नाही.

तीव्र आम्ल

नमुना लवकर विरघळावा म्हणून तीव्र आम्ल ओतलं की चिकणमातीतलं मॅग्नेशियमही निघतं. ते कार्बोनेटपेक्षा बरंच जड असतं, आणि कॅल्साइटमध्ये मुळात मॅग्नेशियम कमी असल्याने थोडीशी मातीही आकडा बिघडवते. सौम्य ॲसिटिक आम्ल वापरा, द्रावणात ॲल्युमिनियम तपासा. एवढंच लक्षात ठेवा, की डोलोमाइट त्यात सावकाश विरघळतो. मिश्र नमुना अर्धवट विरघळलेला सोडलात तर तुम्ही प्रामुख्याने कॅल्साइटच मोजलेला असतो.

आम्लाची तीव्रता

नमुना आणि स्टँडर्ड एकाच बाटलीतल्या आम्लात विरळ करा. मॅग्नेशियमची तीव्रताही जुळवून घ्या.

थेट तापमापक समजणं

कॅल्साइटमध्ये तापमानाचा परिणाम अंशाला ०.०१ पर मिलच्या घरात आहे. म्हणजे १० अंशांचा बदल मोजणीच्या अनिश्चिततेतच बुडतो. त्यातून स्फटिक वाढण्याचा वेगही हात घालतो: कॅल्साइट भराभर वाढला की द्रावणापासूनचं अंतर कमी होतं. शिंपल्यांत आणि फोरॅमिनिफेरात (कवच असलेल्या सूक्ष्म सागरी जीवांत) जीवाचा स्वतःचा परिणाम वेगळाच. वाढीच्या वेगाचा काहीच अंदाज नसताना तापमान काढून दाखवणारे आलेख मी परत पाठवते.

खनिज न तपासणं

बीकरमध्ये पांढरा साका पडला म्हणजे कॅल्साइटच, असं नसतं. द्रावणात मॅग्नेशियम जास्त असेल तर अरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचंच दुसरं स्फटिकरूप) पडतो, कधी आधी अस्फटिक कार्बोनेट. अजैविक कॅल्साइट द्रावणापेक्षा साधारण २ ते ३ पर मिल हलका असतो, अरागोनाइट १ च्या आसपास. एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिज ओळखण्याची चाचणी) न करता दोन प्रयोगांची तुलना केलीत तर वेगाचा परिणाम म्हणून तुम्ही खनिजातलाच फरक मांडाल.

जुने आकडे

जुन्या निबंधांतले आकडे एसआरएम-९८० या आधीच्या स्टँडर्डच्या तुलनेतले असतात, आणि तो स्टँडर्ड स्वतःच एकजिनसी नसल्याचं २००३ साली दाखवलं गेलं. एक ठरावीक संख्या वजा करून ते डीएसएम-३ च्या मापावर आणू नका. त्या निबंधात केंब्रिज-१ किंवा समुद्राचं पाणी मोजलेलं असेल तर त्यावरून रूपांतर करा. नसेल तर ते आकडे तुमच्या आलेखात घेऊ नका.