बजीच्या पिल्लांचे रंग आधीच कसे ओळखावेत

हिरव्या नराला हिरवी मादी लावली आणि घरट्यातून निळं पिल्लू निघालं, तर त्यात नवल काही नाही. बजीच्या (बजरीगर या छोट्या पाळीव पोपटाच्या) अंगावर दिसतो तो रंग वेगळा आणि त्याच्या जनुकांत दडलेला रंग वेगळा असू शकतो. पिल्लांच्या रंगाचं गणित शाळेतल्या अपूर्णांकांएवढंच आहे. वेळ जातो तो आईबापांत काय लपलंय ते शोधण्यात.

पायरी १: जोडी नीट पाहा

प्रत्येक पक्ष्याच्या नावापुढे चार गोष्टी लिहा: मूळ रंग, छटा, नक्षी, आणि नर की मादी. मूळ रंग दोनच, हिरवा आणि निळा. पिसांत पिवळं रंगद्रव्य असेल तर पक्षी हिरवा दिसतो, नसेल तर निळा. हे पिवळं द्रव्य तयार करणाऱ्या एका जनुकातला छोटासा बदल निळ्या रंगाला कारणीभूत असल्याचं 2017 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. लुटिनो म्हणजे काळं द्रव्य गेलेला हिरवा बजी, आणि अल्बिनो म्हणजे तसाच निळा.

डोळे चांगल्या उजेडात बघा. पिवळाधमक पक्षी लाल डोळ्यांचा असेल तर लुटिनो. डोळे काळे असतील तर तो डबल फॅक्टर स्पँगल (स्पँगल या नक्षीचं जनुक आईबाप दोघांकडून मिळालेला) असू शकतो आणि मग सगळा हिशोबच बदलतो. नर-मादी ओळखताना चोचीवरची नाकपुड्यांभोवतीची कातडी बघतात: वयात आलेल्या नराची निळी, मादीची तपकिरी. पण लुटिनो, अल्बिनो आणि रिसेसिव्ह पाईड (अंगावर फिक्या रंगाचे डाग असलेल्या एका प्रकारच्या) नरांत ती गुलाबी-जांभळटच राहते, तिथे घाई करू नका.

पायरी २: प्रत्येक गुणाचा गट ठरवा

ग्रे, ऑस्ट्रेलियन पाईड, स्पँगल हे प्रभावी गुण. आईबापांपैकी एकात असला तरी पिल्लांत उतरतो, आणि तो सहसा लपत नाही (लुटिनो-अल्बिनोच्या अंगाखाली मात्र जवळपास काहीही झाकलं जातं). निळा, रिसेसिव्ह पाईड, फॅलो (काळ्या खुणा तपकिरी होणं आणि डोळे लाल असणं) हे अप्रभावी गुण. ते दिसायला दोन्हीकडून यावे लागतात. एकाच बाजूने आला तर पक्षी त्या गुणाला ‘स्प्लिट’ राहतो, म्हणजे गुण अंगावर दिसत नाही पण पिल्लांत जाऊ शकतो.

छटेचं काम डार्क फॅक्टर, म्हणजे रंग गडद करणारं जनुक, करतो. निळ्यात तो नसेल तर स्काय ब्लू, एक असेल तर कोबाल्ट, दोन असतील तर मॉव्ह. स्काय ब्लू आणि मॉव्हची जोडी लावली तर सगळी पिल्लं कोबाल्ट होतात. उलट कोबाल्टला कोबाल्ट लावला तर निम्मीच कोबाल्ट निघतात, उरलेल्यांत एकूण पिल्लांच्या पाव स्काय ब्लू आणि पाव मॉव्ह.

पायरी ३: लिंगाशी जोडलेले गुण वेगळे काढा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि अंदाज सगळ्यात पक्का बसतो तोही इथेच. लुटिनो-अल्बिनो, ओपलाईन (डोक्या-पाठीवरची नक्षी फिकी होणं) आणि सिनॅमन (काळ्या खुणा तपकिरी होणं) हे गुण Z या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतात. नराकडे दोन Z, मादीकडे एक Z आणि एक W. म्हणजे मादीत यातला गुण असला तर तो दिसणारच. मादी या गुणांना कधीच स्प्लिट नसते. मुलीला तिचा एकमेव Z बापाकडून मिळतो, आईकडून नाही.

लुटिनो नर आणि साधी हिरवी मादी लावा: सगळ्या मुली लुटिनो, सगळे मुलगे हिरवे पण लुटिनोला स्प्लिट. पिल्लांचे डोळे पाहूनच नर-मादी कळतात. आता जोडी उलटी करा, साधा हिरवा नर आणि लुटिनो मादी: एकही पिल्लू लुटिनो नाही, मुलगे मात्र स्प्लिट. स्प्लिट नराला साधी मादी लावली तर चारातलं एक पिल्लू लुटिनो, आणि ते मादीच असणार.

पायरी ४: चौकट मांडा

एका बाजूला नर देऊ शकतो ती दोन जनुकं, दुसऱ्या बाजूला मादीची दोन, मध्ये चार घरं. हिरवा स्प्लिट निळा गुणिले हिरवा स्प्लिट निळा केलं की एक घर निळं, दोन घरं हिरवी स्प्लिट, एक घर निव्वळ हिरवं.

दोन गुण एकत्र हवे असतील तर शक्यतांचा गुणाकार करा. नर हिरवा, निळ्याला आणि लुटिनोला स्प्लिट. मादी स्काय ब्लू. पिल्लू मादी असण्याची शक्यता 1/2, तिला बापाचा लुटिनोवाला Z मिळण्याची 1/2, निळं असण्याची 1/2. म्हणजे आठात एक अल्बिनो. मात्र एकाच गुणसूत्रावरच्या गुणांना हा गुणाकार लागू पडत नाही: ओपलाईन आणि सिनॅमन, किंवा निळा आणि डार्क फॅक्टर.

हे प्रमाण प्रत्येक अंड्याला नव्याने लागतं. पावाची शक्यता असूनही पाच पिल्लांत एकही निळं न निघणं साधारण चारात एकदा घडतं.

पायरी ५: शंका असेल तर जोडी लावून तपासा

हिरवा पक्षी निळ्याला स्प्लिट आहे का? त्याला निळा जोडीदार द्या. एक निळं पिल्लू निघालं की सिद्ध झालं. पाचही हिरवी निघाली, तरी स्प्लिट पक्ष्याकडून असं होण्याची शक्यता 1/32 असतेच, म्हणून आणखी एक वीण बघावी.

दोन निळ्यांना हिरवं पिल्लू झालं, तर आधी त्याचा चेहरा बघा. यलोफेस (पिवळ्या चेहऱ्याचा) निळा पक्षी कधीकधी हिरवट दिसतो. तसं नसेल तर बाप दुसराच. सामायिक पिंजऱ्यात हे सर्रास होतं, आणि मादीच्या शरीरात आधीच्या नराचे शुक्राणू काही दिवस टिकतात. त्यामुळे जोडी लावण्याआधी दोनेक आठवडे मादीला नरांपासून वेगळी ठेवा.

पिल्लू साधारण आठवड्याचं झालं की पायात रिंग घाला आणि नंबरासमोर आईबाप, रंग आणि माहीत असलेलं प्रत्येक स्प्लिट त्याच दिवशी लिहा. लुटिनो बापाचा हिरवा मुलगा सहा महिन्यांनी इतर हिरव्यांत उभा राहिला, की नुसत्या नजरेने त्याला वेगळा काढता येत नाही.