पेल्टियरने खोली गार करायला निघालात? या चुका टाळा

उन्हाळा लागला की कुणीतरी टीईसी1-12706 हे पेल्टियर मॉड्यूल (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते अशी चपटी वडी) घेऊन येतं आणि विचारतं, ‘याचा खोलीसाठी एसी होईल ना?’ नाही होणार. 1 टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. हे 4 सेंटिमीटरचं मॉड्यूल 12 व्होल्टवर पन्नासेक वॅट वीज खातं आणि दोन बाजूंत 30 अंशांचा फरक असेल, तर जेमतेम 20-25 वॅट उष्णता उचलतं. आधी कागदावर हिशोब करा, मग खरेदी. टेबलाजवळचा कोपरा किंवा छोटं बंद कपाट एवढंच लक्ष्य ठेवा.

सगळे माती खातात ते गरम बाजूला. पुण्यात इंजिनिअरिंगच्या मुलांनी खिडकीत बसवायचा डबा केला होता. 4 मॉड्यूल आणि मागे उष्णता हवेत सोडायला तळहाताएवढा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक. चालू करताच थंड बाजूवर दव आलं, मग पांढरं हिम धरलं; मुलांनी फोटो काढले. थोड्याच वेळात हिम वितळलं आणि तीच बाजू कोमट लागायला लागली. ‘सर, माल डुप्लिकेट निघाला,’ म्हणाली. वर व्होल्टेजही वाढवून बसली होती. माल चांगला होता. उचललेली उष्णता आणि खाल्लेली वीज, दोन्ही गरम बाजूलाच येतात. म्हणजे त्या एवढ्याशा पत्र्याला जवळजवळ 300 वॅट फेकायचे होते. त्यात करंट दुप्पट केला की आतलं तापणं चौपट होतं. प्रत्येक मॉड्यूलला कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा पंख्यासकट उभा हीटसिंक लावला, व्होल्टेज 7 वर आणलं. मग कुठे गारवा टिकला. मी हीटसिंक आधी घेतो, मॉड्यूल नंतर. घाईत असलेल्यांना हे पटत नाही, कारण हिम 12 व्होल्टवर लवकर दिसतं.

गरम हवा त्याच खोलीत सोडू नका, खोली तापणारच.

थर्मोस्टॅटच्या रिलेने (तापमानानुसार वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचने) सारखं चालू-बंद करणं मला अजिबात मान्य नाही. बंद होताच हीटसिंकची उष्णता उलटी आत येते आणि वारंवारच्या तापण्या-निवण्याने आतले सांधे तडकतात. मी करंट कमी-जास्त करतो, तोडत नाही.

मॉड्यूल आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट पातळ लावा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. मुंबई-कोकणात कडा सिलिकॉनने बंद केलेलंच मॉड्यूल घ्या, दवाने आतून गंजतं.

‘फक्त चेक करायला’ हीटसिंकशिवाय वीज देऊ नका. बऱ्याच मॉड्यूलमधलं सोल्डर 138 अंशांना वितळतं.

हिवाळ्यात वायर उलट्या जोडून ऊब घेता येते, आणि ती साध्या कॉइल हीटरपेक्षा तेवढ्याच विजेत जास्त मिळते. पण उलटवण्याआधी वीज तोडा आणि दोन्ही बाजू हाताला सारख्या लागेपर्यंत थांबा.