बर्लिनमध्ये सूर्यास्त पाहायचा असेल तर
बर्लिनमध्ये नव्याने राहायला आलेल्यांनी, जूनमध्ये सूर्यास्त रात्री साडेनऊच्या सुमारास आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आधीच होतो, हे लक्षात ठेवून संध्याकाळ आखावी. शहर सपाट असल्यामुळे उंच जागेपेक्षा मोकळे क्षितिज शोधावे. रेल्वेमार्गावरील मोडरझोन पुलाच्या कठड्यावर उन्हाळ्यात लोक ओळीने बसतात आणि खालचे रूळ हळूहळू तांबूस होत जातात. हे दृश्य मला सर्वांत प्रिय आहे. २००८ साली बंद झालेल्या टेम्पलहोफ विमानतळाची धावपट्टीही उत्तम, मात्र तेथील फाटके ऋतूनुसार ठरलेल्या वेळी बंद होतात, म्हणून आत शिरतानाच फलक वाचावा. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे सोबतचा खाऊ शनिवारीच आणून ठेवावा.