पिस्टन विमान इंजिनातील तेलाचा दाब जुळवताना

जुहूच्या धावपट्टीजवळ दमट उकाड्यात काम करताना पहिला नियम हा की, थंड इंजिनावरचा आकडा पाहून दाब जुळवणाऱ्या स्क्रूला हात लावू नये; गार तेल घट्ट असल्याने दाब खोटा, चढा दिसतो. तेल सुमारे 80 अंश सेल्सियसपर्यंत तापल्यावरच नोंद घ्यावी, आणि कॉकपिटमधील गेजवर विसंबण्यापूर्वी खात्रीचे दुसरे गेज जोडून ताडून पाहावे.

लायकॉमिंग ओ-320 या पिस्टन इंजिनात सामान्य दाब 55 ते 95 पौंड प्रति चौरस इंच असतो आणि आयडलिंगला, म्हणजे इंजिन सर्वांत मंद चालताना, किमान 25 लागतो. दाब कमी असल्यास इंजिन बंद करून, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारे यंत्र) ऑफ असल्याची खात्री करून, आधी रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडणारी झडप, उघडावा; त्यात स्प्रिंग एका बॉलला सीटवर, म्हणजे बैठकीवर, दाबून धरते. बॉल व सीट यांच्यामध्ये अडकलेला बारीकसा कार्बनचा कणही दाब पाडतो, आणि तो तसाच ठेवून स्प्रिंग आवळणे म्हणजे दोष झाकणे होय. हे मला फार महत्त्वाचे वाटते. सीट स्वच्छ असेल तरच लॉकनट सैल करून स्क्रू घड्याळाच्या दिशेने थोडा फिरवावा, नट आवळावा, इंजिन पुन्हा तापवून दाब पाहावा. दाब अचानक घसरला असेल तर मात्र स्क्रूला हात न लावता फिल्टर कापून धातूचे कण शोधावेत. नोंद व सही परवानाधारक अभियंत्याचीच हवी.