माळवदाच्या घरात वायफाय

आमचं घर लातूरकडचं, जुनं माळवदाचं. भिंती दोन-दोन हात जाड. राउटर ओसरीत ठेवला की माजघरात रेंज गायब. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल असल्या भिंतीत जिरतोच. रिपीटरवर, म्हणजे सिग्नल झेलून पुढे पाठवणाऱ्या यंत्रावर, आधी पैसे घालवले, मग शहाणा होऊन नेटची कॅट-६ केबल आत ओढली आणि माजघरात दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे त्या केबलवरून वायफाय देणारं यंत्र, बसवला.

लाईट तर जातेच. अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय ना ते बघून छोटा यूपीएस घ्या. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही त्यावर हवेत, एकट्या राउटरचा उपयोग नाही.

राउटरवर छापलेला ॲडमिन पासवर्ड, म्हणजे त्याच्या सेटिंगचा पासवर्ड, बदला. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद, डब्ल्यूपीए-२ किंवा ३ (वायफायचं कुलूपच म्हणा) चालू. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या. लग्नसराईत आमची अख्खी भावकी पासवर्ड मागते.